रजनीच्या नावाचा डबा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवळात एकटी उभी असते तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलून परत येते. मुलीच्या दहावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती घेऊन बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. वाचायला मला आवडतं, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. पण लिहायचं म्हटलं की हात अडतो. आणि हे लिहायचं म्हणजे तर — बघू, कुठवर जमतं.

तुम्ही कोण ते मला माहीत नाही. हे कोणी वाचेल असंही नाही. पण कोणीतरी समोर बसलंय असं धरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाहीये. तुम्ही फक्त माझ्याकडे बघू नका. कोणी बघितलं की माझा घसा बंद होतो. लहानपणापासून तसंच आहे.

आमची वाडी रत्नागिरीपासून तीन-चार मैलांवर. वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, आणि सड्यावर काजूचा कारखाना — कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, मागे भट्टी, पुढे फाटक. आमच्या वाडीतल्या आणि खालच्या गावातल्या मिळून चाळीसेक बायका तिथे कामाला जायच्या. कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. मी आणि माझी धाकटी जाऊ रजनी, आम्ही दोघी सोलणीला होतो. बी फोडून आतला गर काढला, भट्टीत सुकवला, की त्याच्यावरची तांबूस साल नखाने नाहीतर बारक्या सुरीने काढायची. गर आख्खा राहिला पाहिजे. मोडला की तुकडा झाला, आणि तुकड्याला मान नाही.

सोलताना गर तोंडात टाकायचा नाही, हा तिथला पहिला नियम. पण चाळीस बायकांच्या तोंडांवर एकटी मुकादम किती नजर ठेवणार? म्हणून यमुनाबाईंनी — त्या आमच्या मुकादम — आपली एक रीत पाडली होती. बायकांनी बोलत राहायचं. बोलणारं तोंड चावत नाही, असा त्यांचा हिशोब. गप्पा मारा, गाणी म्हणा, भांडा हवं तर, पण तोंड चालू ठेवा. एखादी ओळ गप्प झाली की त्यांचा आवाज यायचा, "काय गो, शेवटच्या ओळीत कोण मेलंय काय?"

आणि मला तर बोलताच यायचं नाही.

सुचायचं सगळं. जिभेपर्यंत यायचंही. पण तेवढ्यात कोणीतरी बघायचं आणि ते परत खाली जायचं. मी गप्प दिसले की यमुनाबाई येऊन समोर उभ्या राहायच्या. "मुके, तोंड उघड." मी उघडायचे. त्या वाकून आत बघायच्या, आणि त्यांच्याबरोबर सगळी शेड बघायची. तोंडात कधीच काही नसायचं. यमुनाबाई वाईट नव्हत्या, हसायच्या, पाठीवर थाप मारून पुढे जायच्या. पण दिवसातून दोनदा, कधी तीनदा, चाळीस जणींसमोर तोंड वासून बसायचं — तुम्ही कधी बसला आहात? सकाळी फाटक दिसलं की माझ्या पोटात पीळ पडायचा. श्वास छातीच्या वरच अडकायचा. तळहात घामाने भिजायचे, आणि ओल्या हातात गर सादळतो, मऊ पडतो, साल सुटत नाही, मग माझे तुकडे जास्त व्हायचे, मग त्यावर बोलणं बसायचं. घरी येऊन मी मागच्या पडवीत नुसती बसून राहायचे. याला काही नाव असतं, त्याला डॉक्टर असतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मीच नादुरुस्त आहे.

रजनी माझ्या शेजारी बसायची. "माझ्या वैनीच्या वाटचं मी बोलते हो यमुनाबाय, तिचं तोंड कशाला बघता? माझं बघा, केवढं मोठं हाय!" असं म्हणून ती आ करायची. सगळ्या हसायच्या, आणि त्या हसण्यात माझी सुटका व्हायची.

रजनीचं कसं सांगू? मी तिच्यासारखं माणूस दुसरं पाहिलं नाही. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, मोठ्या बोटीवर खलाशी. आठ-आठ महिने समुद्रात. मूलबाळ अजून झालं नव्हतं. आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. त्या भिंतीपलीकडे ती एकटी राहायची. दिराचं एक पत्र आलं होतं, कुठल्या तरी परदेशातल्या बंदरातून. पोस्टमनने ते कट्ट्यावर ठेवलं, आणि रजनी पाणी घेऊन येईपर्यंत आमच्या शेळीने खाऊन टाकलं. अर्ध्या पाकिटावरचा शिक्का तेवढा उरला. दुसरी कोणी असती तर रडली असती. रजनीने दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सांगायला सुरुवात केली — त्या पत्रात काय लिहिलेलं असणार ते.

आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी डबे उघडले की कोणीतरी विचारायचं, "रजने, आज पत्रात काय होतं गो?" आणि ती सांगायची. एक दिवस त्यात बोटीवरच्या स्वयंपाक्याचं लग्न असायचं. एक दिवस एवढा मोठा मासा, की बोटच त्याच्या पाठीवर चढून बसली. एक दिवस नुसतीच माझ्या दिराची तक्रार — तुझ्या हातचं कुळथाचं पिठलं आठवतं, आणि इथे समुद्रात एवढं पाणी, पण रडायला जागा नाही. त्या दिवशी शेडमध्ये एकही बाई बोलली नाही, आणि यमुनाबाईंनीही कोणाला टोकलं नाही. पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. मी मान खाली घालून सोलत होते आणि मनात म्हणत होते, हे हिच्यात येतं कुठून? जळक्या टरफलाच्या वासात, पत्र्याखाली, काळ्या पडलेल्या बोटांनी सोलता सोलता — एका खाल्लेल्या पत्रातून ही बाई किती पत्रं काढणार आहे?

नंतर कारखान्यात माल वाढला आणि शेडमध्ये जागा पुरेना. कारखानदारांनी ठरवलं की काही बायकांना घरीच सोलायला डबे द्यायचे. सकाळी टेम्पो येऊन झाकणबंद डबे उतरवणार, संध्याकाळी सोललेला गर घेऊन जाणार. अट एकच — एका दारात निदान दोन बायकांचे दोन डबे हवेत. एका डब्यासाठी टेम्पो वाडीत वळवणार नाही.

आम्हाला दोघींना डबे मिळाले. कसे मिळाले — ते सांगायलाच बसले आहे मी. पण आधी मला थोडं वेगळं सांगू द्या. नाहीतर तुम्हाला कळणार नाही की मी कशापायी ते केलं. आणि कळलं म्हणून ते हलकं होणार आहे, असंही नाही.

घरी सोलायला लागले तो पहिला दिवस मला अजून आठवतो. मागच्या पडवीत सूप घेऊन बसले. समोर फणसाचं झाड, आणि कोणी नाही. साल सुटताना एक बारीक आवाज येतो, सुक्या पानावर मुंगी चालावी तसा. इतके दिवस सोलत होते, पण तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. श्वास आपसूक खाली उतरला. पोटातला पीळ सुटला. दुपारपर्यंत माझा एकही गर मोडला नव्हता. मी हात थांबवून बघत राहिले — हे माझेच हात? काम तेच, सुरी तीच. नुसती जागा बदलली, तर माणूस एवढं बदलतं? मला हसू आलं. एकटीच बसून मोठ्याने हसले मी. माझं मोठ्याने हसणं मी स्वतःच कधी ऐकलं नव्हतं.

टेम्पोवाल्याची रीत अशी होती, की वहीतून नाव पुकारायचं आणि बाईने ओ दिली की मगच डबा उतरवायचा. मला तेवढी ओसुद्धा देववायची नाही. तो माझं नाव पुकारायचा आणि रजनी ओ द्यायची. मग तो तिचं नाव पुकारायचा, त्यालाही तीच ओ द्यायची. "दोन बायका आणि आवाज एकच?" तो म्हणायचा. "आमच्या घरात भागीदारीत हाय आवाज," ती म्हणायची. पण हे पहिल्या आठवड्यातलं.

पहिले काही दिवस ती भिंतीपलीकडून माझ्याशी बोलायची. "वैनी, ऐकतेस काय? आज पत्रात काय होतं सांगू?" भिंत मातीची, वर छपराखाली मोकळी; सगळं ऐकू यायचं. आणि मी — मी ओ द्यायचे नाही. घरात नसल्यासारखी बसायचे. सुरीसुद्धा आवाज न करता खाली ठेवायचे. मला तो शांतपणा इतका गोड लागला होता, की त्यात तिचासुद्धा आवाज नको झाला होता. जी माझ्या वाटचं बोलायची, तिचाच.

मग पलीकडून आवाज येईनासा झाला. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

महिन्याभरात तिचे डबे उशिरा जायला लागले. मग अर्धे न सोललेले जायला लागले. केस विंचरलेले नसायचे. चूल पेटली की नाही ते धुरावरून कळायचं, आणि काही दिवस धूरच दिसायचा नाही. टेम्पो आला की ती दारात यायची नाही, आतूनच दोघींच्या नावाची ओ द्यायची. एक दिवस टेम्पोवाल्याने तिचं नाव तीनदा पुकारलं आणि तो डबा तसाच परत न्यायला निघाला, तेव्हा मी धावत गेले. दोन्ही नावांना मी ओ दिली. पहिल्यांदाच. टेम्पोवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तिचा डबा परत गेला असता, तर माझाही बंद झाला असता. म्हणून धावले मी. तिच्यासाठी नाही.

मी तिला जेवण नेऊन द्यायचे. ती ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची नाही. "काय गो, बरं नाय वाटत?" मी विचारायचे. ती म्हणायची, "बरी हाय." आणि मी परत यायचे, माझ्या पडवीत.

मग ती दुपार आली. ताट परत आणायला म्हणून मी गेले, तर आतून तिचा आवाज आला. किती दिवसांनी! कोणी आलंय वाटून मी दाराशीच थांबले. आत कोणी नव्हतं. रजनी जमिनीवर बसली होती, समोर मोठं सूप. सुपात तिने गर मांडले होते — सालीसकट, एकेक, ओळीने. पाच ओळी. मधे जायला-यायला वाट सोडलेली. डाव्या बाजूला एक टपोरा गर उभा करून ठेवलेला. मी ते ओळखलं. ती शेड होती. जशीच्या तशी. कोण कुठे बसते, खांबामुळे कुठली ओळ आखूड, पाणी कुठे ठेवतात — सगळं. उभा गर म्हणजे यमुनाबाई. चाळीस बायका तिने मांडल्या होत्या आणि ती त्यांच्याशी बोलत होती, अगदी हळू. "आज पत्रात काय होतं, विचारा ना गो. एकीने तरी विचारा."

मी आत गेले. ती दचकली नाही. "रजनी, सोल गो हे, सादळतील," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना. तिने सुपावर दोन्ही हात आडवे धरले. "ह्यांची लुगडी कशी फेडू मी, वैनी?"

आणि मग शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या एका गरावर बोट ठेवून म्हणाली, "ही तू. बोलत नाय, पण ऐकते."

भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं ते. समुद्रावर उभं राहिल्यावर पायाखालची वाळू खचते तसं. माणसाला माणसं इतकी लागतात? मला लागत नाहीत, म्हणून मला हे कधी कळलंच नव्हतं. ज्या चाळीस बायकांपासून पळून मी जगले, त्याच चाळीस जणी हिला एवढ्या लागत होत्या, की तिने त्या सुपात उभ्या केल्या. आणि मलासुद्धा. भिंतीपलीकडे ओ न देणाऱ्या मला तिने ऐकणारी म्हणून बसवलं होतं.

आम्ही तिला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. मी आणि माझे मालक, म्हणजे नवरा. डॉक्टरीण तरुण होती, आवाज शांत. रजनी खाली बघून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारलं, "हिचं कोणाशी काही झालं होतं का? कोणी मनाला लागेल असं बोललं होतं का? कामाची जागा का बदलली हिने?"

मालक म्हणाले, "छे हो. आमच्यात कोण कोणाला काय बोलत नाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मांडीवर कापडी पिशवी धरून बसले होते. पिशवीत रजनीचं पातळ, तिचा टॉवेल, तिची फणी. मी तोंड उघडायचं होतं. यमुनाबाईंसमोर शंभरदा उघडलं होतं रिकामं तोंड. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात खरंच काहीतरी होतं — आणि मी ते मिटून ठेवलं.

काय होतं? आता सांगते. आता पुढे ढकलायला काही उरलेलं नाही.

डबे घरी देणार असं कळलं त्या दिवशी मी घरी जाताना वाटेत रजनीला विचारलं होतं, आपण दोघी घेऊया का. ती हसली. "घरी कोणाशी बोलू? भिंतीशी?" ती नाही म्हणाली, म्हणजे माझा डबा गेला. एका दारात दोन हवेत. मी रात्रभर जागी होते असं नाही, चांगली झोपले. सकाळी उठून, चहा पिऊन, शांत डोक्याने मी खोटं बोलले. वाटेत करवंदीच्या जाळीजवळ थांबून तिला सांगितलं — अगं, तुला सांगू नको म्हणतात, पण बायका तुझ्या गोष्टींना कंटाळल्यात. तोंडावर हसतात. तू पाणी प्यायला गेलीस की तुझी नक्कल करतात, पत्र पत्र म्हणून. यमुनाबाई पण म्हणत होत्या, हिला घरी बसवली तर बरं.

असं काहीही कोणीही म्हटलं नव्हतं.

मला बोलता येत नाही, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मी केवढी बोलले! एकदाही अडखळले नाही. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "सगळ्या?" मी म्हटलं, "सगळ्या." तिने करवंदीचं एक पान तोडलं, बोटात चुरगळलं, आणि चालायला लागली. त्या दिवशी शेडमध्ये कोणीतरी विचारलं, आज पत्रात काय होतं. ती म्हणाली, "काय नाय." सगळ्या हसल्या, त्यांना वाटलं ती खोड्या काढतेय. संध्याकाळी परतताना ती आपणहून म्हणाली, "घेऊया डबे."

आणि एवढ्यावर भागलं नाही. तिला कोणी अडवू नये म्हणून यमुनाबाईंना मी बाजूला घेऊन सांगितलं की रजनीला घरीच डबा हवाय, तिला इथली कटकट सोसत नाही, या बायकांत बसवत नाही असं म्हणते. यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "आमची कटकट?" एवढंच म्हणाल्या. ते शेडभर झालंच असणार. म्हणून तर रजनी आजारी पडली तेव्हा चाळीसांतली एकही तिला बघायला आली नाही. तिला वाटत होतं, मी त्यांना नको. त्यांना वाटत होतं, आपण तिला नको. आणि मधे मी. पडवीत. आख्खे गर सोलत.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर? चार वाक्यं होती. तिथल्या तिथे रजनीच्या कानावर पडली असती. गोळ्या लागल्याच असत्या कदाचित, मला कळत नाही त्यातलं. पण तिला तेव्हाच कळलं असतं ना, की तिची कोणी नक्कल केली नव्हती?

मी गप्प राहिले. मला गप्प राहायची सवय आहे, असं सगळ्यांना वाटतं. कोणी काही धरत नाही.

औषधं लागू पडली. हळूहळू, पण पडली. चार-पाच महिन्यांनी ती जेवायला लागली, केस विंचरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला माणसांत जाऊ द्या, एकटीला काम देऊ नका. मालकांनी मला हुकूम केला, उद्यापासून हिला शेडमध्ये घेऊन जा. मी नाही कशी म्हणणार?

सड्यावर चढताना ती दोनदा थांबली. फाटकाशी आल्यावर माझ्या पोटात जुना पीळ पडला. पण या वेळी बायकांचं बघणं नव्हतं त्यात. मला ठाऊक होतं, आता दोन मिनिटांत सगळं उघडं पडणार.

आम्ही आत गेलो तशी शेड गप्प झाली. खरंच गप्प, चाळीस तोंडं. यमुनाबाई कमरेवर हात ठेवून आल्या. रजनी वाळून अर्धी झाली होती. तिला बघून त्या थबकल्या, पण राग होताच. "आलीस? तुझी जागा कोणाला दिली नाय हो मी. तू गेल्यापासून ही ओळ नुसती चावत असते! पण आमची एवढी कटकट झाली गो तुला? आमच्यात बसवेना? तुझ्या ह्या वैनीकडनं निरोप धाडलास, स्वतः येऊन सांगितलं पण नायस?"

रजनीने आधी यमुनाबाईंकडे बघितलं. मग ओळींकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येकीकडे. मग माझ्याकडे.

तिला कळलं. मी बघितलं तिला कळताना. डोळ्यांत आधी नुसता गोंधळ होता, मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली — करवंदीची जाळी, सगळ्या, सगळ्या. मी वाट बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं तिने बोलावं. एकदाचं व्हावं.

रजनी म्हणाली, "व्हय. मीच सांगितलं वैनीला, सांग म्हणून. डोकं तेव्हाच फिरलं होतं माझं, तुम्हाला उशिरा कळलं." आणि यमुनाबाईंसमोर जाऊन तिने आ केला. "बघा, काय नाय तोंडात."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. पण हसू आलं, ओळीओळीने. यमुनाबाई तिला धरून रडायला लागल्या. मी दाराजवळ उभी होते आणि मला वाटत होतं, मी देऊळ बघतेय, पूर बघतेय, असं काहीतरी, ज्याच्यापुढे माणसाने मान खाली घालावी. ती ज्या खोट्याने मोडली होती, तेच तिने सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घेतलं. विचार करायलासुद्धा थांबली नाही.

आणि पुढचं — ते मला अजून कळलेलं नाही. यमुनाबाई म्हणाल्या, मग आता ही पण येईल शेडमध्ये, तुमच्या दारात एकच डबा राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या. रजनी आपल्या जागेवर बसली होती, पदर खोचत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं नाव राहू दे वहीत. माझ्या नावाचा डबा वैनी सोलेल. तिला इथे श्वास येत नाय."

तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं तिला, माझ्या श्वासाचं. मी कधी सांगितलं नव्हतं.

मी फाटकाबाहेर पडले. मागे कोणीतरी भीत भीत विचारलं, "रजने, आज पत्रात काय होतं गो?" मग तिचा आवाज आला, बारीक, घसा साफ करत. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी सडा उतरत होते.

याला आता सात वर्षं होत आली. रजनी अजून शेडमध्ये जाते. गोळ्या चालू आहेत, वर्षातून थोडे दिवस वाईट जातात, तेव्हा यमुनाबाई स्वतः येऊन तिच्याजवळ बसतात. दीर आता बोटीवरून फोन करतो, पत्रं येत नाहीत, पण बायका विचारतात आणि ती सांगते. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एकदाही बोलली नाही. मीही नाही. सणाला एका ताटात जेवतो आम्ही. ती मला वैनी म्हणते, पूर्वीसारखंच. मी अजून मागच्या पडवीत सोलते, आणि मला अजून तिथे सुख वाटतं. ते कमी झालेलं नाही. तेही लिहून ठेवते.

आज सकाळी टेम्पो आला. टेम्पोवाला नवीन आहे, त्याला आमच्यातलं काही ठाऊक नाही. त्याने वही उघडून माझं नाव पुकारलं. मी ओ दिली. मग त्याने रजनीचं नाव पुकारलं. त्यालाही मीच ओ दिली, आणि डबा आत घेतला.